महाराष्ट्र फिरायचाय तर आधी कॅलेंडर काढा

दर दोन महिन्यांनी ओळखीतलं कुणीतरी विचारतंच, आठ दिवस सुट्टी आहे, महाराष्ट्रातलं डोंगर-जंगल-समुद्र असं सगळं होईल का रे. नाही होणार. तीन लाख चौरस किलोमीटरच्या वर राज्य आहे आपलं, मुंबईहून गडचिरोली गाठायचं तर नऊशे-हजार किलोमीटर होतात, तेवढ्यात माणूस दोन राज्यं ओलांडून जातो. त्यामुळे माझी पद्धत साधी आहे, आधी सुट्टी कुठल्या महिन्यात आहे ते बघायचं, मग त्या महिन्यात जिथे खरंच मजा आहे तो एकच पट्टा धरायचा आणि बाकीचं गुपचूप पुढच्या वर्षावर ढकलायचं. ऑगस्टमध्ये ताडोबा आणि मे महिन्यात कास असले प्लॅन करणारे लोक मी बघितलेत, नंतर तेच म्हणतात तिथे काही नाहीये.

पावसाच्या तोंडापासून सुरू करू. मे अखेर ते साधारण जूनचा मध्य, म्हणजे वळवाच्या दोन-चार सरी पडल्यात पण धो धो सुरू झालेला नाही, तेव्हा काजवे. भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची ही नेहमीची ठिकाणं. हिरडा, बेहडा, सादडा असली झाडं आख्खी एका तालात उघडझाप करतात आणि मोबाईलमध्ये त्यातलं काहीही येत नाही, म्हणून फोन खिशातच ठेवा. टॉर्च आणि गाडीचे हेडलाईट मारू नका प्लीज, काजवे त्या उजेडाने विझतात आणि मागे शंभर माणसं अंधारात तुम्हाला शिव्या देत उभी असतात. शनिवार टाळता आला तर टाळाच.

जुलै-ऑगस्टला आंबोली. धुकं, बेडूक, साप आणि रात्री गाईड घेऊन केलेला हर्पिंग वॉक, म्हणजे बेडूक-साप शोधत फिरणं, मलाबार ग्लायडिंग फ्रॉग दिसला तर पैसे वसूल. धबधब्यांबद्दल एकच सांगतो, देवकुंडसारख्या ठिकाणी भर पावसात बंदी असते ती उगाच नाही, वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असलं तरी लोंढा येतो. पाण्याचा रंग मातकट झाला किंवा त्यात पानं-काटक्या वाहायला लागल्या की सेल्फी सोडून आधी काठ गाठायचा.

कास पठार सप्टेंबर ते ऑक्टोबरची सुरुवात. पाऊस कसा झालाय त्यावर आठवडा-दोन आठवडे मागेपुढे होतं, म्हणून साताऱ्यातल्या कुणाला तरी विचारूनच निघा. एंट्री आधी ऑनलाईन बुक करायची. लोक गाडीतून उतरतात आणि म्हणतात फुलं कुठायत, कारण त्यांच्या डोक्यात गुडघ्याएवढा बगीचा असतो. इथली फुलं बोटाच्या पेराएवढी. खाली बसा, मग ती सीतेची आसवं दिसतात, जांभळी, ओल्या कातळावर, आणि ती चक्क किडे खाणारी वनस्पती आहे. तेरडा मात्र लांबून पण दिसतो, पठारच गुलाबी होतं. पायवाट सोडून फुलांत लोळून फोटो काढणाऱ्यांबद्दल मी इथे लिहीत नाही, बीपी वाढतं.

आता माझा आवडता काळ, ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी. ट्रेक. पहिल्यांदा जात असाल तर कळसूबाई, 1646 मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, आणि तरीही कुणालाही जमेल असं, कारण अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. लोकलने कसाऱ्याला उतरायचं, तिथून जीपने बारी गाव, पहाटे चढायला लागलं की ऊन तापायच्या आत वर.

पण एकच ट्रेक करणार असाल तर माझं मत हरिश्चंद्रगडाला. नवख्यांनी पाचनईतून चढायचं, वाट सोपी आहे, दोन-अडीच तास. खिरेश्वरहून तोलार खिंडीने लांब पडतं, आणि नळीची वाट ज्यांना रोप म्हणजे काय हे माहितीये त्यांनीच. वर केदारेश्वरच्या गुहेत गार पाण्यात शिवलिंग आहे, चार खांबांपैकी एकच शाबूत उरलाय, पाण्यात पाय घातला की डिसेंबरात कळ मस्तकात जाते. संध्याकाळी कोकणकडा. तो कडा सरळ नाहीये, आतल्या बाजूला वळलेला आहे नागाच्या फणीसारखा, त्यामुळे काठावर पालथं झोपून डोकं बाहेर काढलं की खाली भिंत दिसतच नाही, एकदम कोकणातली शेतं आणि वाऱ्याचा झोत तोंडावर. उभं राहून वाकायचं नाही, पालथंच झोपायचं, आणि पाय धरायला मागे भरवशाचा माणूस. खाली धुकं आणि पाठीमागे सूर्य असा योग जुळला तर इंद्रवज्र दिसतं, पूर्ण गोल इंद्रधनुष्य आणि त्याच्या मधोमध तुमचीच सावली. मला इतक्या फेऱ्यांत एकदाच दिसलंय. आमची पहिली फेरी तर फजितीच होती, चार वाजता चढायला घेतलं, सहा जणांत एक टॉर्च आणि त्याचे सेल निम्म्या वाटेत गेले, शेवटी वरच्या झोपडीतल्या मावशी कंदील घेऊन ओरडत खाली आल्या तेव्हा सुटलो, आणि मग पिठलं-भाकरी जी खाल्ली ती अजून आठवते. तर प्रत्येकाकडे आपापला टॉर्च, दोन-तीन लिटर पाणी, आणि गड अभयारण्यात येतो म्हणून मुक्कामाचं आदल्या दिवशीच पाचनईत फोन करून विचारायचं.

सांधण व्हॅली त्याच भागात, साम्रद गावातून. जमिनीला पडलेली चीर आहे ती, दोन्हीकडे सरळसोट कातळ आणि मधे कुठे कुठे दोन हात पसरले की भिंती लागतात. सुरुवातीलाच पाण्याचे डोह लागतात, दिवाळीनंतर लगेच गेलात तर कमरेपर्यंत किंवा जास्तच, उन्हाळ्याकडे आटतात, म्हणून फोन-पाकीट प्लॅस्टिक पिशवीत. नुसतं आत जाऊन परत यायला अर्धा दिवस पुरतो, रॅपलिंग करून खाली डेहण्याच्या बाजूला उतरायचं तर अनुभवी ग्रुपबरोबरच जा. पावसाळ्यात मुळीच नाही, पळायला जागाच नसते तिथे.

ज्यांना चढायचं नाहीये त्यांनी हिवाळ्यात भिगवण धरा, उजनीच्या पाण्यात रोहित पक्षी, मच्छीमारांच्या होडीतून पहाटे. किंवा लोणार. समृद्धीवरून मेहकरला उतरलं की जवळच. उल्का आदळून काळ्या बेसाल्टात झालेलं साधारण 1.8 किलोमीटर रुंदीचं विवर, तळाशी खारट-क्षारयुक्त पाणी, जूनमध्ये 2020 साली ते गुलाबी झालेलं तेव्हा बातम्यांत होतं. बरेच जण वरून बघून निघतात. खाली उतरा, झाडीत मोर ओरडत असतात, पडकी देवळं, आणि काठाजवळ गेलं की सडक्या अंड्यासारखा वास.

कोलाडला राफ्टिंग वर्षभर चालतं कारण कुंडलिकेला वीज प्रकल्पातून सोडलेलं पाणी मिळतं, पण ते सकाळी सोडतात. आम्ही एकदा आरामात नाश्ता करून अकराला पोचलो, नदीत दगड वाळत होते.

फेब्रुवारी अखेर ते एप्रिल वेळास, मंडणगड तालुक्यात. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायची. सकाळी आणि संध्याकाळी घरट्यावरची टोपली उचलतात, पिल्लं असली तर असली, नाहीतर चहा पिऊन परत. दोन मुक्काम ठेवा म्हणजे चान्स वाढतो, राहायचं गावातल्याच घरात. तसंच पुढे खाली मालवण-तारकर्लीला गेलात तर स्कूबा पण होईल, जूनपासून समुद्र खवळला की ते बंद.

आणि एप्रिल-मे ताडोबा. हो, चंद्रपूरच्या उन्हात. त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्री असतं, जिप्सी उघडी असते, फुफाट्याने भुवया लाल होतात, पण पाणवठे आटलेले असतात आणि उरलेल्या पाण्यावर वाघाला यावंच लागतं, म्हणून अनुभवी लोक तेव्हाच जातात. बुकिंग गेटनुसार होतं, मोहर्ली, कोलारा, नवेगाव वगैरे, त्यामुळे आधी गेट मिळवा आणि मग त्याच गेटजवळ रूम घ्या, उलटं केलंत तर पहाटे चार वाजता साठ-सत्तर किलोमीटर गाडी हाणावी लागते. कोअर म्हणजे जंगलाचा आतला गाभा मंगळवारी बंद, आणि जुलै ते सप्टेंबर तर बंदच. कोअरमध्ये मोबाईल नेता येत नाही, ओरिजिनल आयडी मात्र लागतो, बुकिंग केलं तोच. ओला पंचा, टोपी, खाकी किंवा हिरवे कपडे, सेंट नको. तीन-चार सफारी ठेवा, एकाच सफारीवर वाघाचा हट्ट धरला तर मूड जातो. गाईड मधेच गाडी बंद करायला लावतो तेव्हा गप्प बसा, तो माकडाचा किंवा चितळाचा धोक्याचा कॉल ऐकत असतो, आणि नेमकं त्याच वेळी आपल्यातलं कुणीतरी वेफर्सचं पाकीट फोडतं.