हात खिशात ठेवायला शिकताना

स्काउटिंगच्या पहिल्या शिबिरात रात्री साडेनऊला माझी सात वर्षांची लेक तंबूत बसून मुसमुसत होती. टॉर्च सापडत नव्हता. टॉर्च तिच्याच बॅगेत होता, बाजूच्या कप्प्यात, मोज्यांच्या गुंडाळीखाली, अगदी सुरक्षित. मला हे इतकं नेमकं ठाऊक होतं, कारण बॅग मी भरली होती. आदल्या रात्री ती झोपल्यावर, यादी समोर ठेवून, एकेका वस्तूवर खूण करत. भरून झाल्यावर स्वतःवर खूशही झालो होतो.

सकाळी हा किस्सा आमच्या अकेलांना सांगितला. (कब म्हणजे धाकटे स्काउट. त्यांच्या पथकाच्या प्रमुखाला अनेक देशांत 'अकेला' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बाईंचं आडनाव असेल.) त्या हसल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी बॅग तिलाच भरू द्या. तुम्ही हात खिशात घालून उभे राहा."

ऐकायला सोपं आहे. पोरगी स्वेटरचा बोळा करून बॅगेत कोंबतेय आणि आपण बघत उभं राहायचं, हे एकदा करून बघा. आता दोन वर्षांत आमचे सात-आठ मुक्काम झाले आहेत आणि अजूनही माझा उजवा हात मधूनच खिशातून बाहेर येतो. पण नव्याने येणाऱ्या आईबापांना पहिली गोष्ट मी हीच सांगतो. बॅग भरताना यादी तुम्ही वाचा, वस्तू मुलाला आणू द्या आणि ठेवूही त्यालाच द्या. कपड्यांची घडी विस्कटलेली चालते. अंधारात हात नेमका कुठे घालायचा, हे त्याला माहीत हवं. आणि बॅगेचं वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास ठेवा. वीस किलोच्या मुलाने दोन किलो उचलले तर पुष्कळ झालं. उरलेलं ओझं तुमच्या पाठीवर. तिथे मात्र हात खिशातून काढायला परवानगी आहे.

थोडं मागचं सांगतो, कारण त्यात एक गमतीची गोष्ट आहे. स्काउटिंगची सुरुवात मानतात ती ऑगस्ट 1907 मध्ये ब्रिटिश सेनाधिकारी बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर भरवलेल्या शिबिरापासून. विसेक मुलगे होते, चार संघांत विभागलेले, आणि सकाळी त्यांना उठवायला कुडू नावाच्या हरणाचं शिंग फुंकत. त्या सगळ्या मोठ्या पोरांत बेडन-पॉवेल यांचा नऊ वर्षांचा पुतण्याही होता. म्हणजे घरातलं धाकटं पोर शिबिराला बरोबर नेण्याची प्रथा पहिल्या दिवसापासूनची! पुढे धाकट्या भावांनी 'आम्हालाही यायचंय' म्हणून इतका धोशा लावला, की 1916 मध्ये त्यांच्यासाठी वेगळी कब शाखाच निघाली. आज कबांचे साधारण सहा-सहांचे गट असतात आणि प्रत्येक गटाला त्यांच्यातलाच एक नायक असतो. माझ्या लेकीचा नायक नऊ वर्षांचा आहे. घरात माझं दहा वेळा न ऐकणारी ती त्याचं एका हाकेत ऐकते. यावर मी फार विचार करायचं सोडून दिलं आहे.

पथकात घालण्याआधी एक चौकशी जरूर करा. एक मोठा माणूस आणि एक मूल असे दोघंच कधी एकटे राहणार नाहीत, निदान दोन मोठी माणसं असतील, हा नियम तिथे पाळतात का? आपल्याच आईबाबांबरोबर एका तंबूत झोपणं वेगळं. एरवी मोठ्यांचे तंबू वेगळे आणि मुलांचे वेगळे. चांगल्या पथकात हा प्रश्न विचारल्याचा कुणाला राग येत नाही. उलट उत्तर तयार असतं. तुम्ही मदतनीस म्हणून जाणार असाल, तर हा नियम तुम्हालाही लागू, आणि तो लागतो म्हणून मन खट्टू करून घेऊ नका.

आता गाठी. लोकांना वाटतं स्काउटिंग म्हणजे गाठी, आणि काही अंशी खरंही आहे. पण सात वर्षांच्या मुलाला एका बैठकीत एकच गाठ, तीही दहा मिनिटं, आणि लगेच पळापळीचा खेळ. आम्ही रीफ नॉटपासून सुरुवात केली. 'उजवं डाव्यावरून, मग डावं उजव्यावरून' एवढं पाठ झालं की जमते. दोन वेगळ्या रंगांच्या दोऱ्या घ्या, म्हणजे चूक कुठे झाली ते मुलाला आपलं आपल्याला दिसतं. रीफ नॉट पट्टी बांधायला, पुडकं बांधायला छान. मात्र दोन दोर जोडून त्यावर वजन टाकायचं असेल तर ती अजिबात नको, सुटते. हे मला लेकीने शिकवलं. झाडाला बांधलेल्या झोक्यासाठी मी ऐटीत रीफ नॉट मारली, तर म्हणाली, "बाबा, तू बस यावर आधी." बसलो. पुढचं सांगत नाही.

तिथे बोलाइन नावाची गाठ हवी होती. न घसरणारा, न आवळणारा फास होतो तिचा. ती मला यायला तीन आठवडे लागले, लेकीला एक दुपार.

घरी खेळायला सगळ्यात उत्तम म्हणजे किमचा खेळ. ताटात विसेक वस्तू मांडायच्या, मिनिटभर बघू द्यायच्या, मग वर कापड टाकून आठवतील तेवढ्या लिहायच्या. लिहिता येत नसेल तर सांगायच्या. मोठी माणसं यात सपाटून मार खातात, आणि मुलांना तेच हवं असतं.

शिबिराच्या आधी घरात एक रंगीत तालीम करा. तंबू गच्चीवर, अंगणात किंवा सरळ बैठकीच्या खोलीत लावा आणि एक रात्र त्यात काढा. स्लीपिंग बॅगेची चेन अंधारात आतून उघडता येते का, हे तिथे कळू दे, डोंगरउतारावर नको. आमच्या तालमीत कळलं की लेकीला कुशीवर झोपल्याशिवाय झोपच लागत नाही आणि निमुळत्या बॅगेत तिला वळता येत नाही. आम्ही रुंद बॅग मिळवली आणि पुढची भांडणं वाचली.

दिवसाचं काय, दिवस मुलं आपोआप निभावून नेतात. खरी परीक्षा रात्रीची.

पहिली गोष्ट थंडी. आपण अंगावर पांघरुणं चढवत जातो आणि थंडी येते खालून, जमिनीतून. अंगाखाली दबलेल्या स्लीपिंग बॅगेचा कापूस चपटा होतो, त्यात हवा उरत नाही, मग ऊब कसली राहणार? अंगाखाली चांगली मॅट हवी. ती नसेल तर वरचं एखादं पांघरूण काढून खाली घाला. दुसरं, झोपताना सगळे कपडे बदला, अगदी मोजेसुद्धा. दिवसभराचा घाम कपड्यांत असतो, सुती कपडे तो धरून ठेवतात आणि मध्यरात्री तेच गार पडतात. रात्रीचे मोजे मी वेगळ्या पिशवीत ठेवायला लावतो आणि ते दिवसा घालायला सक्त बंदी. पथकातल्या मुलांत माझी ओळख 'मोजेवाले काका' अशीच आहे.

दुसऱ्या मुक्कामाला गारठा होता म्हणून मी तंबूच्या झडपा, जाळ्या, फटी सगळं काही गच्च बंद करून टाकलं. पहाटे लेकीने मला हलवून उठवलं. "बाबा, पाऊस आत पडतोय!" बाहेर आकाश निरभ्र, चांदणं लख्ख. तो पाऊस आमच्याच श्वासांचा होता. रात्रभर सोडलेल्या श्वासातली वाफ तंबूच्या गार कापडावर जमली आणि थेंब होऊन आमच्यावर टपटपली. थंडी असली तरी वरच्या झडपा उघड्याच ठेवायच्या, हे त्या दिवसापासून डोक्यात पक्कं बसलं. ती मात्र 'आमच्या तंबूत पाऊस पडला' हे आठवडाभर सगळ्यांना अभिमानाने सांगत होती.

शौचालयाचा प्रश्न लाजून टाळू नका. उजेड असतानाच मुलाला घेऊन तंबूपासून तिथवर दोनदा चालून या, वाट त्याच्या पायांना कळू दे. झोपण्याआधी एक फेरी ठरलेली. रात्री अंथरूण ओलं होत असेल तर अकेलांना आधीच हळूच सांगून ठेवा आणि जादा कपडे अशा पिशवीत द्या की इतर मुलांना काही कळणार नाही. हे दर शिबिरात कुणाच्या ना कुणाच्या बाबतीत घडतंच, आणि जाणती मंडळी ते गाजावाजा न करता निस्तरतात.

भीतीवर माझ्याकडे औषध नाही, पण मोजणं उपयोगी पडतं. तिसऱ्या मुक्कामाला रात्री विजा सुरू झाल्या. लेक माझ्या दंडाला घट्ट बिलगली. तिला म्हटलं, चमकली की मोज. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. पहिल्यांदा पंचेचाळीस मोजले, म्हणजे पंधरा किलोमीटर. मग अडतीस. मोजता मोजता तिची पकड सैल झाली. मग एकदम सव्वीसवरच गडगडलं आणि तिनेच सांगितलं, "बाबा, तीसच्या आत आलं!" नियम तिने पथकात ऐकला होता. मोजणी तीसच्या आत आली की उघड्यावर थांबायचं नाही, पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. तंबू विजेपासून काही वाचवत नाही. तोवर शिट्टी झालीच होती. सगळे आवारातल्या इमारतीत गेलो आणि उरलेली रात्र मुलांनी फरशीवर ओळीने लोळत काढली. त्यांच्या मते ते आजवरचं सर्वोत्तम शिबिर.

शिट्टीवरून आठवलं. मुलाच्या गळ्यात शिट्टी हवीच आणि ती बॅगेत ठेवून काही उपयोग नाही. हरवलो असं वाटलं की चालणं थांबवायचं, जवळच्या झाडापाशी बसायचं आणि तीन-तीन वेळा शिट्टी वाजवायची. तीन म्हणजे मदत हवी. मुलं घाबरून शोधायला निघतात आणि आणखी लांब जातात. म्हणून हा खेळ घरातच खेळून ठेवा. आणि शिट्टी गमतीत वाजवायची नाही, हे एकदाच, पण नीट सांगा.

शेकोटीबद्दल थोडक्यात. जळण तीन ढिगांत लावायचं: काडीएवढं, बोटाएवढं, मनगटाएवढं. मुलांना जाड लाकडाची घाई असते. बारीक काड्यांचा ढीग आपल्याला वाटतो त्याच्या तिप्पट लागतो. पेटवण्याआधी पाण्याची बादली शेजारी. निघताना राखेवर पाणी ओतायचं, काठीने ढवळायचं, परत ओतायचं, आणि तळहाताची मागची बाजू वरून फिरवून पाहायची. ऊब जाणवली तर अजून विझलेलं नाही. चाकूचं काम सुरू करण्याआधी हात लांब करून गोल फिरायचं. त्या वर्तुळात कुणी असेल तर चाकू उघडायचाच नाही.

तंबू लावणं हे मात्र मुलाला पहिल्यापासून करू द्यायचं काम. वाकलेली झाडं, वठलेल्या फांद्या आणि कोरडा ओढा टाळून जागा तुम्ही निवडा. त्यापुढचं त्याचं. खुंटीचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेलं हवं, नाहीतर तणाव्याने ओढली की उपटून येते. माझ्या लेकीने पहिल्यांदा एकटीने तंबू लावला, त्याला पन्नास मिनिटं लागली. एक कोपरा सुरकुतलेला, दार चढाच्या बाजूला. मी पूर्ण वेळ खिशातल्या किल्ल्या चाळवत उभा होतो. अकेला लांबून बघत होत्या. माझ्याकडे, तिच्याकडे नव्हे.

परत आल्यावर एक काम उरतं आणि ते लोक हमखास विसरतात. तंबू वाळवणं. घडी कोरडी वाटली तरी शिवणीत आणि तळाला ओल असते, तशीच ठेवली तर बुरशी धरते आणि तो वास पुढे जात नाही. परवा आल्या आल्या आम्ही तंबू बैठकीच्या खोलीत लावला, पंखा सोडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घडी घालायला गेलो तर आतून आवाज आला, की कोपरा अजून ओला आहे. हात लावून पाहिला, ठणठणीत कोरडा. आज चौथा दिवस. कोपरा अजून ओला आहे म्हणे.