रोबोटवर प्रोग्रॅमिंग शिकवताना या चुका टाळा

पहिल्या वर्षाच्या मुलांना 'इफ' (अट) आणि 'लूप' (पुन्हा पुन्हा चालणारा भाग) समजवायला दोन मोटरांची लाइन फॉलोअर गाडी, म्हणजे सेन्सरने काळी पट्टी बघत तिच्यावरून चालणारी गाडी, फार उपयोगी. अट उलटी लिहिली की गाडी लगेच पट्टी सोडून पळते. पण चूक कोडमध्ये की वायरीत, हे नवख्याला कळत नाही आणि तो बरोबर असलेला कोड खोडत बसतो. शिक्षकाने आधी हा घोळ निस्तरायला हवा.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो ९ व्होल्टचा चौकोनी सेल. गाडीच्या दोन्ही बीओ मोटरा (छोट्या गिअर मोटरा) एकदम सुरू झाल्या की त्याचा व्होल्टेज बसतो, आर्डुइनो (गाडी चालवणारा कंट्रोलर बोर्ड) रीसेट होतो आणि प्रोग्रॅम पहिल्यापासून चालतो. मुलांना वाटतं, लूप चुकला. म्हणून 'सेटअप'मध्ये (बोर्ड सुरू होताना एकदाच चालणाऱ्या भागात) १३ नंबरच्या पिनवरचा एलईडी तीनदा लुकलुकवा. गाडी चालताना तो पुन्हा लुकलुकला, तर कोडला हात लावू नका. १८६५०चे (रिचार्ज होणारे लिथियम) दोन सेल सिरीजमध्ये जोडा. मोटरांना वीज पुरवणारा एल२९८एन ड्रायव्हर सुमारे २ व्होल्ट खातो, तरी मोटरला पुरेसं उरतं. बोर्डला वेगळा सप्लाय असेल तर ग्राउंड मात्र एकच हवा.

दुसरी चूक, सेन्सरची मर्यादा, म्हणजे काळं की पांढरं हे ठरवणारा आकडा, शिक्षकानेच कोडमध्ये लिहून देणं. रत्नागिरी-मालवणकडे पावसाळ्यात सकाळी मळभ आणि दुपारी खिडकीतून लख्ख ऊन, असं नेहमीचंच. उन्हातल्या इन्फ्रारेडने सेन्सरचे आकडे बदलतात आणि सकाळी नीट चाललेली गाडी भरकटते. पांढऱ्या कागदावर आणि काळ्या पट्टीवर ० ते १०२३मधला कोणता आकडा येतो, तो मुलांनीच सिरियल मॉनिटरवर (बोर्डकडून आलेले आकडे दाखवणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या खिडकीत) बघावा आणि मधला आकडा व्हेरिएबलमध्ये (आकडा साठवायच्या, नाव दिलेल्या जागेत) ठेवावा. व्हेरिएबल कशाला लागतं, हे माझ्या मते याहून चांगलं कुठेच समजत नाही.

'डिले' (कोड थांबवून ठेवणारी सूचना) जपून वापरा. 'डिले(१०००)' लिहिलं की तो सेकंदभर कोड सेन्सर वाचतच नाही, वळण निघून जातं. त्याऐवजी 'मिलिस' (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद) वापरा, पण ती वेळ 'इंट' प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये साठवू नका. आर्डुइनोच्या ऊनो बोर्डावर त्यात ३२,७६७पर्यंतच मावतं, त्यामुळे सुमारे ३३ सेकंदांनी हिशेब बिघडतो. 'अनसाइन्ड लाँग' हा मोठा आकडा मावणारा प्रकार घ्या.

खाऱ्या हवेने जंपरच्या (जोडणीच्या वायरींच्या) पिना गंजतात. सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवा. कोड अपलोड होत नसेल तर ०-१ पिनांवर जोडलेलं ब्लूटूथ मॉड्यूल काढून बघा. आणि गटात एकच जण टाइप करत असेल तर दर फेरीला कीबोर्ड दुसऱ्याकडे द्या.