टर्मिनलची रुंदी विचारायची कुणाला?

नव्याने कामाला लागलेल्यांच्या शेल स्क्रिप्टमध्ये एक ओळ हमखास सापडते: टर्मिनलची रुंदी (एका ओळीत किती अक्षरं मावतात ते) ‘कॉलम्स’ व्हेरिएबलमधून उचललेली. प्रॉम्प्टवर एको केलं की आकडा बरोबर येतो, त्यामुळे शंका येत नाही. स्क्रिप्टमध्ये मात्र ते बहुधा रिकामं निघतं, कारण बॅश हा शेल ते स्वतःपुरतं ठेवतं, एक्स्पोर्ट करत नाही, म्हणजे त्याने सुरू केलेल्या प्रोग्रॅमना देत नाही.

मग कुणीतरी सांगतं, ‘टीपुट कॉल्स’ ही कमांड वापर. सल्ला चांगला आहे, पण त्यात एक खोच आहे. रुंदी कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला) ठाऊक असते आणि ती टर्मिनलला जोडलेल्या फाइल डिस्क्रिप्टरमधूनच, म्हणजे प्रोग्रॅमच्या इनपुट-आउटपुटच्या वाटेतूनच, विचारावी लागते. उत्तर व्हेरिएबलमध्ये घ्यायला डॉलर-कंसात टीपुट लिहिलं की त्याचं आउटपुट पाइपमध्ये जातं; तिथे विचारून उपयोग नाही. मग टीपुट स्टँडर्ड एररकडे (एरर संदेशांच्या वेगळ्या वाटेकडे) वळतं, तिथे टर्मिनल भेटतं आणि काम भागतं. आता कुणी नीटनेटकेपणा म्हणून एरर डेव्ह-नलमध्ये (आलेलं सगळं गिळणाऱ्या फाइलमध्ये) ढकलल्या, की अनेक व्हर्जनमध्ये तीही वाट बंद. टीपुट तक्रार करत नाही, टर्मइन्फोमधला (टर्मिनलांच्या माहितीच्या साठ्यातला) ठरीव आकडा हातावर ठेवतं. विंडो २०० कॉलमची असली तरी उत्तर ८०! एरर आली असती तर परवडलं असतं.

म्हणून मी ‘एसटीटीवाय साइज’ ही कमांड वापरते आणि तिचं इनपुट ‘डेव्ह-टीटीवाय’वरून, म्हणजे थेट चालू टर्मिनलवरून, रीडायरेक्ट करते. डिव्हाइसचं नाव ऑप्शनने द्यायचं तर लिनक्सवर कॅपिटल एफ लागतो आणि मॅकवर स्मॉल. रीडायरेक्ट केलं की ती भानगडच नाही. उत्तरात आधी ओळी येतात, मग कॉलम. सीरियल कन्सोलवर बऱ्याचदा ‘० ०’ मिळतं, तेव्हा भागाकाराआधी शून्य तपासा.

मात्र आउटपुट फाइलमध्ये जात असलं तरी डेव्ह-टीटीवाय रुंदी खुशाल सांगेल. त्या रुंदीला ओळी कापल्या तर पुढचा ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड) उपाशी राहतो. म्हणून आधी टेस्ट कमांडच्या ‘टी १’ ऑप्शनने आउटपुट टर्मिनलवर आहे का ते पाहा, नसेल तर ओळी कापूच नका. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत) तर टर्मिनलच नसतं.

रुंदी आधी कुठे विचारायची, मग कुठे, हा क्रम कसा लावायचा? पायथन ३.३ पासूनच्या शटिल मॉड्यूलमध्ये तो छान लावलाय: आधी एन्व्हायर्नमेंट (एक्स्पोर्ट केलेली व्हेरिएबल), मग टर्मिनल, शेवटी ८० बाय २४. वापरणाऱ्याने मुद्दाम कॉलम्स एक्स्पोर्ट केलं असेल तर त्याचं ऐकावं, हे मला पटतं.

एवढं करूनही मराठी नावांचा तक्ता वाकडा येऊ शकतो. बॅशचं प्रिंटएफ रकाना भरताना साधारणपणे बाइट मोजतं. ‘पुणे’ यूटीएफ-८ मध्ये १२ बाइट घेतं, स्क्रीनवर मात्र बहुधा २ घरं. २० च्या रकान्यात त्याला ८ च स्पेस मिळतात. असा तक्ता असेल तर मी सरळ पायथनची, स्क्रीनवरची घरं मोजणारी डब्ल्यूसीविड्थ लायब्ररी घेते.