दृष्टिपटलातील नीला बंद झाल्यावर नजरेवर लक्ष कसे ठेवावे

एका डोळ्याची नजर न दुखता, एक-दोन दिवसांत मंदावली की घरात बहुधा मोतीबिंदूचे नाव निघते आणि दाखवणे लांबणीवर पडते. मोतीबिंदू असा एका रात्रीत येत नाही; दृष्टिपटलातील, म्हणजे डोळ्याच्या पडद्यातील, नीला बंद झाल्याने मात्र असे होऊ शकते. अशा वेळी त्याच किंवा दुसऱ्या दिवशी, बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा.

दृष्टिपटलात रोहिणी आणि नीला जिथे एकमेकींना ओलांडतात, तिथे दोघींभोवती एकच वेष्टण असते. अनेक वर्षांच्या उच्च रक्तदाबाने रोहिणी जाड व कडक झाली की शेजारची मऊ नीला दबते, प्रवाह अडखळतो आणि गुठळी धरते. अडलेल्या जागेमागची नीला फुगून नागमोडी होते व पडद्यावर ज्योतीच्या आकाराचे रक्तस्राव दिसतात. नजर मात्र त्या रक्तापेक्षा पीतबिंदूला, म्हणजे पडद्याच्या मध्यावरच्या बारीक नजरेच्या भागाला, आलेल्या सुजेमुळे अधिक जाते. म्हणूनच पीतबिंदूजवळची लहानशी शाखा बंद झाली तर वाचन थांबते, आणि नाकाकडच्या बाजूची शाखा बंद झालेली कित्येकांना कळतही नाही.

घरी तपासण्यासाठी आठवड्यातला एक दिवस आणि एकच प्रकाश ठरवावा. नेहमीचा चष्मा लावून, चांगला डोळा तळहाताने न दाबता झाकावा, भिंतीवरचे कॅलेंडर ठरावीक अंतरावरून पाहावे आणि कोणत्या आकाराचे आकडे वाचता आले ते तारखेसह वहीत लिहावे. नंतर जवळचा चष्मा लावून, चौकटीच्या कागदावर मध्ये ठिपका काढून तो सुमारे 30 सेंटिमीटरवर धरावा. ठिपक्याकडे पाहताना रेषा वाकड्या किंवा तुटक दिसल्या तर तो भाग पेन्सिलीने खुणावून ठेवावा. दोन्ही डोळे उघडे ठेवून केलेली तपासणी निरुपयोगी आहे, कारण चांगला डोळा सारे झाकून नेतो.

ओसीटी, म्हणजे प्रकाशाने पडद्याच्या थरांचे चित्र घेणाऱ्या तपासणीत, पीतबिंदूच्या मध्याची जाडी मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) मिळते. निरोगी डोळ्यात ती साधारण 250 ते 300 च्या आसपास असते. यंत्रागणिक मोजमाप थोडे बदलत असल्याने शक्यतो एकाच ठिकाणचे अहवाल शेजारी ठेवून पाहावेत. आकडा उतरला तरी नजर सुधारली नाही, तर केशवाहिन्या कितपत बंद आहेत हे डॉक्टरांना नेमके विचारावे, कारण सूज ओसरते, पण मेलेला भाग परत येत नाही. केशवाहिन्या पाहण्यासाठी हाताच्या शिरेतून रंगद्रव्य देऊन अँजिओग्राफी, म्हणजे वाहिन्यांची छायाचित्रे घेणारी तपासणी, करतात. त्यानंतर लघवी दिवसभर गडद पिवळी होते, त्याने घाबरू नये.

सुजेवर डोळ्यात इंजेक्शन देतात. त्याचा परिणाम काही आठवड्यांत ओसरतो व सूज पुन्हा येऊ शकते. हे उपचार फसल्याचे लक्षण नव्हे, या आजाराचा स्वभावच तसा आहे. इंजेक्शननंतर पांढऱ्या भागावर उठलेला लाल डाग आपोआप जातो, परंतु पुढच्या काही दिवसांत दुखणे आणि लाली वाढत जाऊन नजर घटली तर संसर्गाची शंका धरून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. स्टिरॉइडचे रोपण केले असल्यास डोळ्याचा दाब वेळोवेळी मोजून घ्यावा.

पुढच्या महिन्यांत पडद्यावर दोन प्रकारच्या वाहिन्या दिसू शकतात आणि त्यांची गल्लत करू नये. अडथळ्याला वळसा घालणाऱ्या पर्यायी वाहिन्या उपकारक असतात, त्यांना लेसर लावत नाहीत. याउलट रक्तपुरवठ्याअभावी उगवणाऱ्या नव्या, नाजूक वाहिन्या फुटतात, किंवा बुबुळावर (बाहुलीभोवतीच्या रंगीत भागावर) पसरून डोळ्याचा दाब वाढवतात. मुख्य नीला बंद झाल्यावर हा प्रकार अनेकदा तिसऱ्या महिन्याच्या सुमारास होतो. त्याला ‘शंभर दिवसांचा काचबिंदू’ म्हणतात तो यामुळेच. म्हणून पहिले सहा महिने नजर बरी वाटली तरी बोलावलेली एकही भेट चुकवू नये, आणि बाहुली मोठी करणारे थेंब घालण्यापूर्वी बुबुळ पाहून घ्यावे.

रक्तदाब, साखर व चरबीची तपासणी नेहमीच्या डॉक्टरांकडे करावी. रुग्ण तरुण असेल तर रक्तातील होमोसिस्टीन हा घटकही पाहतात. आपल्याकडे शाकाहारी लोकांत बी-12 जीवनसत्त्व कमी असल्याने होमोसिस्टीन वाढलेले आढळू शकते. ॲस्पिरिन मनाने सुरू करू नये, त्याने बंद नीला उघडत नाही. दुसऱ्या डोळ्याचाही दाब मोजून घ्यावा, कारण काचबिंदू हेही या आजाराचे एक कारण आहे.