वडिलांच्या शेतात आणि कारखान्यात मुलीचा वाटा : या चुका टाळा

दहावा-तेरावा उरकतो, पाहुणे पांगतात आणि एक कागद पुढे येतो. "ताई, इथं सही कर, नुसती वारस नोंद लावायची आहे." मुलींचा वाटा सगळ्यात जास्त बुडतो तो या सहीत. वारस नोंदीने तुमचं नाव लागतं, हक्कसोडपत्राने ते निघतं. ओळखायची खूण सोपी आहे : वारस नोंदीचं काम तलाठ्याकडे होतं, हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकासमोर नोंदवावं लागतं. सही-अंगठ्यासाठी तुम्हाला दुय्यम निबंधक कार्यालयात नेत असतील, तर ती नुसती वारस नोंद नव्हे. कागद घरी आणा, वाचा, मगच ठरवा. एकदा नोंदलेलं हक्कसोडपत्र रद्द करायला दिवाणी न्यायालयात फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो, आणि तो दावाही फसवणूक कळल्यापासून ३ वर्षांत लावावा लागतो.

उलटी चूकही होते. फेरफारात आपलं नाव नाही म्हणजे हक्क गेला, असं समजून बहिणी गप्प बसतात. सातबारा किंवा मिळकत पत्रिका महसुलासाठी असते. मालकी तिच्याने जात नाही आणि येतही नाही. पण गप्प बसण्यालाही मुदत आहे. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून आपल्याला वगळलंय हे कळल्यापासून १२ वर्षांत दावा लावायला हवा.

"तुझं लग्न १९९४ च्या आधी झालंय, तुला हक्क नाही," हे वाक्य अजून बार्शीपासून अक्कलकोटपर्यंत ऐकू येतं. ते एकेकाळी खरं होतं. महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात १९९४ मध्ये केलेल्या दुरुस्तीत तोवर लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती लागू झाली आणि लग्नाची अट गेली. त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात मिटवला : वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्माने, वडील आधी वारलेले असले तरी. अपवाद २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेल्या वाटपाचा. "आमचं तोंडी वाटप झालं होतं" एवढ्यावर सहसा भागत नाही. त्या काळातले सरकारी दस्त दाखवावे लागतात. लग्नातल्या खर्चाचा हिशेब तर या कायद्यात कुठेच नाही. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख आणि त्यात नाव घेऊन लिंगायतांनाही लागू आहे. मुस्लिम कुटुंबांचे नियम वेगळे.

आजोबांकडून आलं ते सगळं वडिलोपार्जित, ही समजूतही सोडा. १९५६ नंतर आजोबांच्या मृत्यूने वडिलांना वारसा म्हणून मिळालेली मालमत्ता बहुधा त्यांची स्वतंत्र धरली जाते. वडील हयात असताना तिच्यात वाटा मागता येत नाही आणि त्यांनी मृत्युपत्र केलं तर ते लागू होतं. मृत्युपत्र नसेल, तर त्या मालमत्तेत मुलगा, मुलगी, विधवा आई आणि हयात असल्यास आजी (वडिलांची आई) यांचे वाटे सारखे. म्हणून आधी मृत्युपत्र आहे का ते विचारा.

जमिनीवर सगळे भांडतात, कारखान्यावर कुणी बोलत नाही. सोलापुरात याचं मला नेहमी नवल वाटतं. पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादर-टॉवेलचा कारखाना म्हणजे शेड, माग, सुताचा साठा, व्यापाऱ्यांकडची येणी आणि बँकेचं कर्जही. त्याला सातबारा नाही, म्हणून बहिणीला काही दिसत नाही. धंदा कुणाच्या नावाने आहे, हे आधी काढा.

वडिलांचा एकट्याचा असेल तर तो सगळ्या वारसांचा. भावाने नव्या जीएसटी नंबरवर तेच माग चालवले म्हणून तो एकट्याचा होत नाही. भागीदारी असेल तर करारनामा मागा. वडिलांच्या जागी तुम्ही आपोआप भागीदार होत नाही, त्यासाठी भांडण्यात वेळ घालवू नका. पण त्यांचं भांडवल आणि नफ्याचा हिस्सा वारसांना देणं लागतं. हिशेब न करता उरलेल्या भागीदारांनी धंदा चालवला, तर भागीदारी कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे त्या काळातला नफ्याचा वाटा किंवा वर्षाला ६ टक्के व्याज, यातलं एक मागता येतं. करारात वेगळं ठरलं नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने फर्म मोडते, आणि मोडलेल्या फर्मच्या हिशेबाचा दावा ३ वर्षांत लावायचा असतो. जमिनीची १२ वर्षं डोक्यात ठेवून बसलात, तर ही मुदत निघून जाते. मृत्यूच्या तारखेचा ताळेबंद लगेच मागवा, तोही लेखी पत्राने.

एकत्र कुटुंबाच्या, म्हणजे एचयूएफच्या नावाने धंदा असेल तर मुलगी सहदायाद, म्हणजे जन्मानेच हिस्सेदार आहे. थोरली मुलगी कर्ता, म्हणजे कुटुंबाचा कारभार पाहणारी प्रमुखही होऊ शकते, असं दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये म्हटलं. कंपनी असेल तर शेअर पाहा. नॉमिनी म्हणून भावाचं नाव असलं तरी तो मालक ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं.

भाऊ पैसे देऊन हिस्सा घेणार असेल, तर चांगलंच. पण रक्कम तोंडी ठरते आणि दस्तात 'विनामोबदला' लिहिलं जातं. नंतर पैसे आले नाहीत, तर तोंडी बोलणं कोर्टात टिकवणं कठीण. रक्कम, चेक नंबर आणि तारीख दस्तातच लिहून घ्या, आणि हप्ते असतील तर ते चुकल्यास काय, हेही.