एलायझा आणि एलेन क्राफ्ट: तुलना लिहायची कशी

'अंकल टॉम्स केबिन' (१८५२) या अमेरिकेतल्या गुलामगिरीवरच्या कादंबरीतली पळून जाणारी गुलाम एलायझा घेतली की सगळे तो ओहायो नदीचाच सीन पकडतात, पोराला उराशी धरून बर्फाच्या लाद्यांवरून उड्या मारत पलीकडे. सीन भारीच आहे, पण तुलनेसाठी त्यापेक्षा पुढचा भाग घ्या, जिथे ती केस कापून पुरुषाच्या वेषात कॅनडाला जाते.

आता शेजारी ठेवा एलेन क्राफ्ट, गुलामीतून खरोखर पळालेली बाई. डिसेंबर १८४८, जॉर्जियातलं मेकन. रंगाने गोरी दिसायची म्हणून ती आजारी गोरा मालक बनली, नवरा विल्यम झाला तिचा गुलाम, आणि उजवा हात झोळीत बांधला कारण लिहिता येत नव्हतं, हॉटेलात सही मागितली तर काय करणार? असले डिटेल्स शोधा, खरी मजा इथेच आहे. रेल्वे, बोटी करत नाताळला दोघं उत्तरेतल्या, गुलामगिरी नसलेल्या फिलाडेल्फियात.

मग विचारा, पोचल्यावर सुटले का? १८५० च्या कायद्याने पळालेल्यांना उत्तरेतूनही पकडून नेता यायचं, म्हणून फिलाडेल्फियाहून बोस्टनला जाऊन राहिलेलं क्राफ्ट जोडपं तेही सोडून इंग्लंडला गेलं. एलायझाही ओहायोत थांबत नाहीच ना. साम्य-फरकाचा तक्ता वगैरे शेवटी करा, नाही केला तरी चालेल.