आवणीला माणूस मिळत नाही? सावड अशी बसवा

जुलै लागला की आमच्या मावळात घरोघरी एकच विषय, आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, माणूस कुठनं आणायचा. आम्ही सहा घरं मिळून सावड करतो, म्हणजे आज सगळे माझ्या खाचरात, उद्या सगळे तुझ्या, पैशाची देवघेव नाही. यंदा कुणाला सुरू करायची असेल तर बघा.

पहिली गोष्ट, पाऊस पडल्यावर सावड ठरवायला बसू नका, ती दाढ टाकतानाच (रोपासाठी बी पेरतानाच) ठरवायची. रोप साधारण 21 ते 25 दिवसांचं झालं की लावायला येतं, आणि सहाही घरांनी एकाच दिवशी बी टाकलं तर सगळ्यांचं रोप एकदमच तयार होणार, मग पहिला नंबर कुणाचा यावरनं भांडण, आणि शेवटच्याचं रोप दाढीतच जुनं होणार, मग त्याला फुटवे कमी. म्हणून दाढ दोन-दोन दिवसांच्या अंतरानं टाका. नंबर लावायचा तो पाण्यावरनं. वरची, नुसत्या पावसावरची खाचरं आधी, कारण दोन दिवस उघडीप पडली की तिथला चिखल गेला. ओढ्याकडची मागनं केली तरी चालतात. मानपान, भावकी यात आणू नका.

हिशोब डोक्यांचा ठेवायचा, एकराचा नाही. माझ्याकडं तुमची 2 माणसं 3 दिवस आली तर मी 6 दिवस देणं लागतो. बाई आणि पुरुष सारखेच धरा. रोजंदारीत बाईला कमी देतात ते सावडीत अजिबात नको. रोप उपटायला बसलेल्या बायका बघा, दोन्ही हातानं उपटायचं, मुळाचा चिखल पायावर आपटून झाडायचा, काडीनं मूठ बांधून मागं टाकायची, मान वर नाही, वरनं पाऊस चालूच. तो दिवस अर्धा कसा धरणार? आणि घरात एकटी म्हातारी असेल तर तिनं सगळ्यांची पोरं सांभाळली तरी तिचा दिवस भरला असं धरा.

ज्याचं शेत त्याच्याकडं जेवण, पण काय करायचं ते आधीच सगळ्यांचं सारखं ठरवा, भाकरी, आमटी, भात बास. एकानं मटण केलं की गरिबाला उसनं काढून करावं लागतं. टिलरचं डिझेल ज्याच्या खाचरात चिखलणी त्याचं.

आता बुडवणाऱ्याचं. आमच्यात एकानं स्वतःची आवणी उरकल्यावर शेवटच्या दोन घरांना दांडी मारली. तोंडावर कुणीच काही बोललं नाही, पण झोडणीला (कापलेलं भात झोडून दाणे काढायला) त्याच्या खळ्यावर एक माणूस फिरकला नाही, नवरा-बायको दोघंच दिवसभर झोडत होती. आम्ही बरोबर केलं असं मला आजही वाटत नाही, त्याची अडचण काय होती ते आधी विचारायला पायजे होतं (त्याचा पोरगा आजारी होता हे मागाहून कळलं). तेव्हापासनं आम्ही आवणी संपली की पारावर बसून कुणाचे किती दिवस राहिले ते सगळ्यांसमोर बोलतो आणि राहिलेले दिवस कापणी-झोडणीला फेडायचे.

शेवटच्या घराला मात्र सगळ्यांनी जायचंच, ज्याचे दिवस फिटलेत त्यानंसुद्धा. मटण त्या दिवशी, वर्गणी काढून.